शिवराकाचं कोकण टीव्हीवर का दिसत नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या नागपूरच्या, लग्न होऊन देवगडला आलेल्या. सासरी सगळे मासे खातात, त्या एकट्या खात नाहीत. टीव्हीवर कोकणातला स्वयंपाक लावला की पापलेट, सुरमई, नाहीतर तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. शाकाहारी कार्यक्रम इतके कमी का, कोकणात शाकाहारी असं काही आहे की नाही, आणि असलंच तर शिकायचं कुठून, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी मालवण तालुक्यात अठ्ठावीस वर्षं खाणावळ चालवतेय. आधी शाळामास्तरांचे आणि बँकेतल्या मंडळींचे डबे करायचे, मग पर्यटक यायला लागले तशी ओसरीवर चार टेबलं टाकली. आम्ही मासे खाणारी माणसं. बांगड्याच्या तिखल्यावर माझा जीव आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी शाकाहाराचा झेंडा घेऊन उभी राहिलेय असं कुणाला वाटायला नको. पण तुमचा प्रश्न वाचून मला राहवलं नाही, कारण आमच्या स्वयंपाकातला जो भाग टीव्हीवर येत नाही, म्हणजे शिवराक, बिनमाशाचं जेवण, तोच करायला खरा अवघड, आणि तोच आता पुसट होत चाललाय.

आधी एक गोष्ट साफ करते. टीव्हीवर शाकाहारी पदार्थ नाहीत ही तक्रार आपल्याकडे तरी तितकीशी खरी नाही. तरला दलाल यांनी सगळी हयात शाकाहारीच शिकवलं, पुस्तकांतून आणि टीव्हीवरूनही. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. झी टीव्हीवर १९९३ साली 'खाना खजाना' सुरू झालं, संजीव कपूर घराघरांत पोहोचले ते त्यातून, आणि त्यातही बिनमटणाचं भरपूर असायचं. २०१५ साली तर 'मास्टरशेफ इंडिया'चा चौथा हंगाम अख्खा शाकाहारी केला होता. मराठीत विष्णू मनोहर यांची 'मेजवानी' आणि प्रशांत दामले यांचं 'आम्ही सारे खवय्ये' आम्ही दुपारी डबे पोचते झाले की बघायचो. म्हणजे शाकाहार होता आणि आहे. पण कुठला? पनीर आहे, छोले आहेत, मंचुरियन आहे, बिनअंड्याचा केक आहे, कॉर्नचं तर विचारूच नका. देशावरची पिठलं-भाकरीसुद्धा अधूनमधून येते. कॅमेरा घाट उतरला की मात्र शाकाहार घाटावरच राहतो. खाली येतात ते थेट मासळीच्या लिलावावर.

माझ्याकडेही एका वाहिनीची मंडळी आली होती. नाव सांगत नाही, तुम्हाला त्याचा उपयोगही नाही. फोनवर तारीख ठरली तेव्हाच मी म्हटलं होतं, "श्रावणी सोमवार आहे, त्या दिवशी आम्ही नुस्त्याला, म्हणजे मासळीला, हात लावत नाही." ते म्हणाले, चालेल, तुम्ही जे करता ते करा. आले अकरा जण. मी काळ्या वाटाण्याची उसळ केली होती, आंबोळ्या होत्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कुळथाची पिठी आणि नीरफणसाचे काप. दिग्दर्शक मुलगा चांगला होता, नम्र होता. सगळं ताटात मांडल्यावर तो बराच वेळ पडद्यात बघत राहिला आणि म्हणाला, "काकी, रंग येत नाहीये. सगळं काळं आणि हिरवं दिसतंय." कोथिंबीर भुरभुरली. मग ओलं खोबरं. मग त्यानं हळूच विचारलं, घरात पनीर असेल का?

शेवटी त्यांना आवडले ते नीरफणसाचे काप. हळद, मीठ आणि मसाला लावून तांदळाच्या पिठात घोळवायचे आणि तव्यावर तेल सोडून भाजायचे, म्हणजे हुबेहूब तळलेल्या माशाच्या तुकड्यासारखं दिसतं. तो म्हणाला, "काकी, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, ही आमची शाकाहारी सुरमई." मी म्हटलं. अजून त्याची लाज वाटते. कार्यक्रमात ते काप दीडेक मिनिट दिसले, बाकीचं सगळं दुसऱ्या गावात केलेल्या माशांनी भरून काढलं होतं. वाटाणे दिसलेच नाहीत.

त्या मुलाला दोष देऊन काही उपयोग नाही. नंतर खूप विचार केल्यावर मला एक गोष्ट कळली. माशाचा स्वयंपाक चुलीवर सुरू होतो. साफ करण्याचं, तुकडे पाडण्याचं अवघड काम बाजारात कोळणीनंच करून दिलेलं असतं. तुम्ही घरी आणून हळद-मीठ लावता, वाटप वाटता, तेल तापवता, आणि हे सगळं कॅमेऱ्याला बघण्यासारखं असतं. चर्र आवाज येतो, लाल रंग येतो, वाफ येते. आमच्या शिवराकाचं उलट आहे. हा शब्द आमच्याकडे आणि गोव्यात एकच. शिवराकाची सगळी कला चुलीच्या आधी संपलेली असते. चीक काढणं, खाज मारणं, कडूपणा उतरवणं, कोवळं-जून ओळखणं. एकदा ते झालं की पातेल्यात भाजी पंधरा मिनिटांत शिजते आणि दिसते कशी, तर कुठल्याही भाजीसारखी.

ओल्या काजूच्या उसळीचंच घ्या. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचे दिवस. काजूची बी अजून हिरवी आहे, कवच पुरतं कडक झालेलं नाही, तेव्हाच ती उतरवायची. बी उभी चिरायची आणि काडीनं आतला गर अख्खा काढायचा. कवचात जो चीक असतो तो साधा चिकट नसतो, कातडी जाळतो. बोटांना खोबरेल माखतात, कुणी राख लावतात, तरी हंगाम संपेपर्यंत आमच्या बायकांच्या बोटांची सालं निघालेली असतात. मग गर गरम पाण्यात टाकून वरची साल सोलायची. शंभर गर सोलायला दोघी बसल्या तरी गप्पा धरून तासभर सहज जातो. म्हणूनच बाजारात ते शेकड्यावर मोजून विकतात, वजनावर नाही. आता हे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात, जाहिराती वजा जाऊन, कुठं बसणार? तिथं बाई हसत म्हणते, "हे गर मी आधीच सोलून ठेवलेत." झालं. जे शिकायचं होतं ते या एका वाक्यात गेलं. उरली ती फोडणी, आणि फोडणी काय, तुम्हाला नागपुरातसुद्धा येत होती.

दुसरं कारण हंगामाचं. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत मळ्यात भाजी टिकत नाही, कुजून जाते. तेव्हा बायका रानाकडे वळतात. मृगाचा पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत टाकळा वर येतो, त्याला आम्ही टायकळो म्हणतो. तो कोवळा असेपर्यंतच खायचा, पानं जून झाली की उग्र वास मारतात. फोडशी साधारण त्याच सुमाराला येते, दिसते गवतासारखी, आणि तिचाही काळ थोडाच. मग कुर्डू, भारंगी, अळू, करटोली, बांबूचे कोंब. प्रत्येकाला दोन-चार आठवडे मिळतात. चित्रीकरण झालेला भाग दाखवायला महिना-दीड महिना लागला तर तोवर ती भाजी आमच्याकडेही नसते, पुण्या-नाशकाच्या बाईला तर ती कधीच मिळणार नसते. कार्यक्रमाला पैसे देणारी कंपनी तेलाची असते, मसाल्याची असते. तिला बारा महिने, सगळ्या गावांत मिळणारी वस्तू हवी. पनीर मिळतं.

पनीरवर एवढं घसरतेय म्हणून हसू नका. कोकणात दूध मुळातच बेताचं. जांभ्याची जमीन, चारा पावसाळ्यापुरता, गायी लहान चणीच्या. दुधाची गाडी आमच्याकडे घाट उतरून येते. ज्या मुलखात चहापुरतं दूध पुरवून वापरायचं, तिथल्या बायका ते फाडून त्याची भाजी करणार नाहीत. आमचा दाटपणा, आमची साय, आमचं तूप, सगळं नारळात. दाट रस, पातळ रस, वाटलेलं ओलं खोबरं, भाजलेलं सुकं खोबरं. त्यामुळे 'मालवणी पनीर' नावाचा पदार्थ टीव्हीवर बघितला की मला बंडीवर टाय लावलेला माणूस आठवतो. चवीला वाईट लागत असेल असं नाही. पण त्यात मालवणी एवढंच, की मसाल्याची पुडी मालवणची.

फणसाचंही तेच झालंय. हल्ली जिथं बघावं तिथं फणस म्हणजे मटणाला पर्याय. फणसाची बिर्याणी, फणसाचे कबाब, "खाणाऱ्याला कळणारच नाही!" अहो, कळायला पाहिजे की! आम्ही कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करतो ती फणसाची चव यावी म्हणूनच. कोवळी कुयरी तेलाचा हात लावून चिरायची, चीक पुसायचा, उकडून ठेचायची, वर मोहरी-हिंगाची फोडणी आणि मूठभर खोबरं. रत्नागिरीकडे त्यात भिजवलेले शेंगदाणे घालतात. पुढं गरे तयार झाले की पिकायच्या आधी त्यांची भाजी. बरके, म्हणजे मऊ गऱ्याचे फणस, पिकले की त्या रसाची सांदणं आणि फणसपोळी. आठळ्या सुकवून मातीत ठेवायच्या आणि पावसात भाजीत, आमटीत टाकायच्या. एका झाडावर चार महिने घर चालतं, आणि त्यात मटणाची आठवण एकदाही येत नाही.

आता जे सांगते ते जरा आमच्याच अंगावर येणारं आहे. टीव्हीवाले मासे दाखवतात, कारण आम्ही त्यांना मासे वाढतो. माझ्या खाणावळीच्या बाहेरच्या पाटीवर इतकी वर्षं काय लिहिलंय? सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, आणि सगळ्यात खाली 'शाकाहारी थाळी उपलब्ध'. त्या शाकाहारी थाळीत मी काय वाढायचे? बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, वरण-भात आणि सोलकढी. कुणी आधी फोन करून सांगितलं तर पनीरही आणायचे, होय, मीसुद्धा. मागं स्वयंपाकघरात माझ्या घरच्यांसाठी फोडशीची भाजी शिजत असायची आणि पुढं मुंबईच्या शाकाहारी पाहुण्याला मी बटाटा वाढत असायचे. का? तर पाहुण्याला रानातला पाला कसा वाढायचा! टाकळा ही गरिबाची भाजी, पैसे न देता मिळणारी. तिचे पैसे घ्यायचे म्हणजे लाज. माझी सासू तर टाकळ्याची टोपली आणताना वर केळीचं पान झाकायची, वाटेत कुणी बघू नये म्हणून.

जे पाहुण्याच्या ताटात जात नाही ते हॉटेलात जात नाही, आणि हॉटेलात नसलेलं टीव्हीच्या माणसाला माहीत होण्याचा रस्ताच नाही. मुंबईत दादर-परळकडच्या मालवणी खाणावळी मासळीवर उभ्या राहिल्या, कारण मासळी मुंबईत मिळते. टायकळो सावंतवाडीहून रोज कोण पाठवणार? त्यामुळे 'मालवणी' या शब्दाचा बाहेरच्या जगात अर्थच मासे आणि कोंबडी-वडे असा झाला. त्यातले वडे आमच्याकडे काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर तितकेच खातात, हे सांगितलं की लोक चकित होतात.

आणि दिवस काही कमी नाहीत, ताई. माझ्या घरचा हिशेब सांगते. सोमवारी आम्ही खात नाही, ते झाले वर्षाचे ५२. श्रावण अख्खा पाळतो. संकष्ट्या १२, एकादश्या २४, मार्गशीर्षातले गुरुवार, गणपती घरात असेपर्यंतचे दिवस. एकमेकांवर पडणारे वगळले तरी शंभराच्या वर जातात. म्हणजे मासे खाणारं घरसुद्धा वर्षातले साडेतीन महिने शाकाहारी असतं. वर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, त्या दिवसांत ताजी मासळी कमी आणि महाग, तेव्हा सुकं खारं नाहीतर शिवराक. इतके दिवस माणसं काय नुसता वरण-भात खात होती?

किनाराभर हे सारखं नाही हेही लक्षात ठेवा, नाहीतर रायगडच्या बाईची कृती देवगडात करायला जाल आणि सासूबाई तोंडाकडे बघतील. रायगडात कडव्या वालाचं बिरडं. पहिल्या पावसात शेवळं, आणि त्यांची खाज मारायला सोबत काकडं नावाची आंबट-तुरट फळं. बाजारात बायका दोन्ही शेजारी-शेजारीच घेऊन बसतात, नुसती शेवळं घेऊन घरी आलात तर घसा धरून बसाल. थंडीत तिथं वालाच्या शेंगांची पोपटी, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून. रत्नागिरी, गुहागर, दापोलीकडे डाळिंबी, कुयरी, सांदणं, घावन-घाटलं. त्या भागात पिढ्यानपिढ्या पूर्ण शाकाहारी असलेली घरं पुष्कळ, त्यामुळे गोडाधोडाची परंपरा जबर. आमच्या सिंधुदुर्गात काळे वाटाणे, आंबोळ्या, नारळाच्या रसातल्या खापरोळ्या, शिरवाळे, आणि गोकुळाष्टमीला शेवग्याचा पाला. गोव्याच्या अंगाला गेलात की सासव येतं, रायवळ आंब्यांचं, मोहरी वाटून घातलेलं. देवगड आमच्याच पट्ट्यात.

तेव्हा शिकायला कुठून सुरुवात करायची? माझं मत, काजूपासून करू नका आणि रानभाज्यांपासून तर नकोच. रानभाजी ओळखीच्या बाईबरोबर हिंडल्याशिवाय खुडायची नसते. वर्षभर मिळतं त्यावर आधी हात बसवा: काळे वाटाणे, कुळीथ, कोकम आणि खोबरं.

काळे वाटाणे रात्री भिजत घाला, दहा-बारा तास पाहिजेत. सोडा घालू नका, सालं सुटतात आणि रस्सा साबणासारखा लागतो. कुकरला मीठ घालून पाच-सहा शिट्ट्या. हे वाटाणे हट्टी असतात, बोटात धरून सहज दबला पाहिजे, नुसता तडकला तर आणखी दोन शिट्ट्या. वाटपासाठी कांदा उभा चिरून तेलावर चांगला तांबूस करायचा, मग त्यातच खोबरं घालून भाजायचं. इथंच सगळे चुकतात. टीव्हीवर 'सोनेरी होईपर्यंत' म्हणतात. सोनेरीवर थांबलात तर उसळ गोडसर होते. गडद तपकिरी झालं पाहिजे, करपायच्या एक पाऊल आधी, खोबऱ्याचं तेल कडेला दिसायला लागतं तेव्हा. ते बारीक वाटा, आणि त्यातच डावभर शिजलेले वाटाणे वाटा, रस्सा त्यानं मिळून येतो. मालवणी मसाला, हळद, आणि शेवटी दोन आमसुलं. नैवेद्याला करायची असेल तर कांदा-लसूण नाही, तेव्हा हिंग आणि थोडे धणे भाजून वाटपात. तुम्ही नागपूरच्या, तिखटाची भीती नाही, पण इथं तिखटापेक्षा खोबरं पुढं असतं, पहिल्यांदा मसाला कमीच घाला.

कुळथाच्या पिठीला वेळ लागत नाही, म्हणून तिला कुणी मानत नाही. माझ्या मते आमच्या स्वयंपाकातला सगळ्यात हुशार पदार्थ तोच. भाजलेल्या कुळथाचं पीठ गार पाण्यात कालवून फोडणीच्या पाण्यात सोडायचं, लसूण, मिरची, आमसूल. ढवळत राहायचं, नाहीतर गाठी. पातळच ठेवा, ताटात घट्ट होते. पावसात ओल्या कपड्यांनी घरी आलेल्या माणसाला भाताबरोबर ही पिठी वाढून बघा.

कोकमाचं मात्र जरा सांगायला पाहिजे, कारण बाहेरून आलेल्यांना आमसूल, आगळ आणि सरबत एकच वाटतं. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात. फोडून सालं वेगळी करायची, आतल्या बियांचा रस काढून त्याला मीठ लावायचं. मग सालं उन्हात वाळवायची आणि त्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून परत वाळवायची. जितकी पुटं तितकं आमसूल काळं आणि जोरदार. पाच-सात पुटं दिलेलं घरचं आमसूल आणि दुकानातलं तांबूस, लवचीक आमसूल यांत एवढा फरक, की घरचं दोन टाकाल तिथं दुकानाचं पाच लागेल. आगळ म्हणजे मीठ घालून ठेवलेला रस, तो सोलकढीला. सोलकढीला नारळाचा दाट रस आणि आगळ, लसणीची एक पाकळी, मिरचीचा तुकडा, बस. तापवायची नाही. बिटाचा रस घालून गुलाबी केलेली सोलकढी कुणी वाढली तर पिऊन टाका आणि पुन्हा तिकडे जाऊ नका.

तिरफळ घरात असेलच, माशांसाठी. ते बिनमाशाच्या पातळ भाजीतही सुंदर लागतं, सुरणाच्या, नीरफणसाच्या, नुसत्या तूरडाळीच्या. आतली काळी बी काढून टाका, ती कडू, टरफल थोडं चेचून उतरवायच्या आधी घाला. वाटपात वाटलंत तर जीभ बधिर होऊन बसेल. आणि सुरण-अळूची खाज आंबटानं मरते, चिंच नाहीतर आमसूल, आणि पूर्ण शिजवल्यानं. त्यांच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. चिरताना हाताला तेल लावा आणि हात कोरडे ठेवा, ओल्या हाताला जास्त खाजतं.

वर्षभर एवढं केलंत की मग फेब्रुवारीत काजूगर. शंभर गरांना अर्ध्या नारळाचं वाटप पुरतं, चार माणसं पोटभर जेवतात. वाटप वरच्यासारखंच, पण कमी भाजलेलं, इथं खरंच सोनेरीवर थांबायचं, नाहीतर काजूची चव दबते. गर दहा-बारा मिनिटांत शिजतो, मऊ झाला पाहिजे पण दोन पाकळ्या सुटता कामा नयेत. आंबट घालू नये असं मी मानते. शेजारीण आमसूल घालते आणि आमचं त्यावरून वीस वर्षं भांडण आहे.

कार्यक्रमांचं म्हणाल तर वाट बघत बसू नका. हल्ली मोबाइलवर आमच्याच भागातल्या बायका स्वतः चित्रित करून टाकतात, त्यात चीक काढताना दिसतो, राख लावताना दिसते, मध्येच कोंबडं आरवतं. टीव्हीपेक्षा ते बरं. फक्त शीर्षकात 'मटणाला विसराल' असलं काही असेल तर पुढं जा.

पण तुमच्याकडे याहून चांगली सोय आहे आणि ती तुमच्या घरातच आहे. तुम्ही सासूबाईंना विचारलं असेल, "आई, शाकाहारी काय काय करता तुम्ही?" त्यावर त्या म्हणाल्या असतील, "आमी खंय शाकाहारी?" आणि विषय संपला असेल. शाकाहारी हा शब्द आमच्याकडे माणसाला लागतो, जेवणाला लागत नाही. सोमवारी सकाळी विचारा, "आज शिवराक काय करूया?" मग बघा. त्या म्हणतील, "शिवराक काय, घरात जा आसा ता." आणि त्या जे काही 'घरात असलेलं' करायला घेतील ते जवळ उभं राहून बघा.

प्रमाण मात्र त्यांना विचारू नका, त्या सांगणार नाहीत, सांगितलं तर चुकीचं सांगतील. माझ्या सासूनं आयुष्यभर "अर्धी वाटी खोबरं" असंच सांगितलं आणि माझी उसळ तीन वर्षं तिच्यासारखी झाली नाही. मग एके दिवशी तिनं परातीत खवून ठेवलेलं खोबरं ती पाणी आणायला गेली तेव्हा मी गुपचूप वाटीनं मोजलं. पावणेदोन वाट्या भरलं.